सहा मिनिटांचे धन्यवाद

माझ्या आयुष्यातलं पहिलं कायदेशीर काम म्हणजे गुड मॉर्निंग मोजणं. हे मी कॉलेजात कुणाला सांगत नाही. वर्गातल्या बाकीच्या मुली सुट्टीत मोठ्या वकिलांच्या हाताखाली जाऊन आल्या, पांढरा शर्ट आणि काळा कोट घालून कोर्टाच्या पायरीवर फोटो काढून आल्या. मी निफाडजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये रिकाम्या क्रेटच्या थप्पीला टेकून बसले होते आणि गुलाबाच्या फुलाखाली 'शुभ सकाळ' लिहिलेले किती मेसेज मुंबईच्या वकिलांनी तासाच्या दराने वाचले, ते शोधत होते.

पॅकहाऊस ज्यांचं, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. माझे पप्पा त्यांच्याकडे सतरा वर्षं आहेत. सीझनमध्ये आत येणारा माल तपासायचा, घडातला मणी दोन बोटांत दाबून बघायचा, कोणता माल युरोपला जाईल आणि कोणता लोकलला ते ठरवायचं, हे त्यांचं काम. पप्पा नववीपर्यंत शिकलेत, आई सातवीपर्यंत. मी लॉ कॉलेजला तिसऱ्या वर्षाला. घरात कॉलेज बघितलेलं पहिलं माणूस मीच, त्यामुळे मला सगळं येतं असा घरच्यांचा समज आहे. लाईटबिल जास्त आलं, शेजारच्या काकूंच्या म्हशीचा विमा अडला, की कागद माझ्यासमोर येतो. मला त्यातलं फारसं काही येत नाही. पण तसं सांगायलाही एक प्रकारचं शिक्षण लागतं, ते माझं अजून झालेलं नाही.

सीझन संपला, पॅकिंगच्या बायका आपापल्या गावी गेल्या, आणि एप्रिलच्या शेवटी पप्पा म्हणाले, "अण्णांनी बोलावलंय तुला. कायतरी इंग्रजी वाचायचंय. मीच बोललो, आमची पोरगी वाचील म्हणून."

अण्णांनी माझ्यासमोर एकोणीस पानं टाकली. मुंबईच्या वकिलांचं महिन्याचं बिल.

"वकीलबाई, एवढंच सांगा," अण्णा म्हणाले, "हे लोक करतात काय? आपली वकिली माहितीय मला. नाशिकला आपला वकील तारखेला उभा राहतो, तारखेचे पैसे घेतो, विषय संपला. हे तर उभे पण नाय राहिले कुठं. बसूनच एवढे झाले."

मी पहिलं पान वाचलं. मग दुसरं. मला काही कळलं नाही, म्हणून मी मान हलवली. पप्पांना वाटलं मला कळलं.

प्रकरण असं होतं. आदल्या सीझनला अण्णांचे तीन कंटेनर हॉलंडला गेले आणि उघडले तेव्हा द्राक्षं मऊ पडलेली होती. तिकडच्या व्यापाऱ्याने माल नाकारला. अण्णा म्हणत होते, वाटेत कंटेनरचं कूलिंग बंद पडलं. वाहतूक कंपनी म्हणत होती, माल निघतानाच खराब होता. मुंबईच्या कोर्टात दावा लागला. पण द्राक्षं कुणामुळे मऊ पडली या प्रश्नापर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. त्याच्या आधीचं एक भांडण सुरू होतं, ते म्हणजे कुणी कुणाला कोणते कागद दाखवायचे. आमच्या सरांनी हा भाग दोन तासांत उरकला होता आणि त्यातल्या एका तासाला मी बस नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला अडकल्यामुळे नव्हते. एकोणीस पानं त्याच भागाची होती.

समोरच्या कंपनीने मागणी केली होती की त्या काळातले सगळे मेसेज द्या. अण्णांनी विचारच केला नाही. "आपल्याला काय लपवायचंय?" म्हणाले आणि पूर्ण फोनच वकिलांच्या माणसाकडे दिला. फोनमध्ये बागायतदारांचा ग्रुप होता, ट्रान्सपोर्टवाल्यांचा होता, पॅकहाऊसचा होता आणि अण्णांच्या सासुरवाडीचा होता. वकिलांना आपले कागद समोरच्याला देण्याआधी स्वतः वाचावे लागतात. त्यांनी वाचले. एका ज्युनिअर वकिलाने सगळे वाचले आणि मग त्याने नीट वाचलेत का हे एका मॅडमनी तपासलं. म्हणजे अण्णांच्या मेव्हण्याने पाठवलेला उगवता सूर्य आधी एका वकिलाने बघितला, त्यात दाव्याशी संबंधित काही नाही असं ठरवलं आणि त्याच्यावरच्या वकिलाने त्या निर्णयाला दुजोरा दिला. मेव्हणे रोज पाठवतात. रविवारी दोन पाठवतात.

नंतर वकिलांनी ठरवलं की हे सगळं समोर द्यायचं नाही. त्यावर समोरच्यांनी पत्र पाठवलं की तुम्ही लपवता. मग यांचं उत्तर, त्याला त्यांचं उत्तर. प्रत्येक पत्राचे तास. तासाचे दहा भाग केलेले असतात, सहा मिनिटांचा एक. सहा मिनिटांपेक्षा लहान काही त्यांच्या जगात घडतच नाही. फोन उचलून 'राँग नंबर' म्हटलं तरी ते सहा मिनिटांत जातं, निदान मला तेव्हा तसं वाटलं.

मला ते काम मनापासून आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. मी एक नवीन वही घेतली. काम कोणी केलं, काय केलं, किती वेळ लागला, असे रकाने आखले. जिथे 'मेसेज वाचले, सहकाऱ्याशी चर्चा केली, पत्राचा मसुदा केला' असं सगळं एकत्र करून पाच पूर्णांक आठ तास लावले होते, तिथे लाल पेनाने लिहिलं, 'वेगवेगळे सांगावे'. एकच मेसेज दोघांनी वाचला, तिथे लिहिलं, 'दोघे का?' शेवटी मला एक साधी गोष्ट सुचली. माल तोडल्यापासून कंटेनरला सील लागेपर्यंतच्या दिवसांचेच मेसेज द्यायचे आणि सासुरवाडीचा ग्रुप बाहेर काढायचा. पप्पांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक गाडीची तारीख होतीच. मी घाबरत घाबरत वकिलांना मेल केला. दुसऱ्या दिवशी मॅडमचं उत्तर आलं की सूचना उपयुक्त आहे, तारखांची यादी पाठवा, आम्ही समोरच्यांकडे मांडतो.

उत्तराची सुरुवात 'डिअर मॅम' अशी होती. मला आजवर कुणी मॅम म्हटलं नव्हतं. कॉलेजच्या ऑफिसमधला क्लार्क मला 'ओ' म्हणतो.

इथून पुढे मी जे केलं ते लिहिताना अजून कानशिलं गरम होतात. माझ्या वहीत बिलाबद्दलचे तेवीस प्रश्न होते. गोंधळ नको म्हणून मी प्रत्येक प्रश्नाचा वेगळा मेल केला. 'आदरणीय सर, सविनय विनंती की' अशी सुरुवात, शाळेत अर्ज लिहायला शिकवलं होतं तशी. प्रत्येकाला उत्तर आलं. आणि कुणी उत्तर दिलं तर आभार मानायचे एवढं तर घरी शिकवलेलंच असतं. मी तेवीस वेळा धन्यवाद पाठवले. काहींना हात जोडलेला इमोजीही होता.

मेच्या शेवटी कोर्टाने तारखांची मर्यादा मान्य केली. सीलच्या दिवसापर्यंतचे मेसेज द्या, बाकी नको. मेव्हणे सुटले. वाचायचे तास एक्केचाळीसवरून नऊवर आले. मी पप्पांना सांगितलं, पप्पांनी आईला सांगितलं, आईने गल्लीत सांगितलं.

मग जूनमध्ये नवीन बिल आलं आणि ते आधीच्यापेक्षा मोठं होतं.

अण्णांनी मला काही म्हटलं नाही. पप्पांना म्हणाले, "तुझ्या पोरीला कमी करायला बसवलं होतं ना रे? रविवारी घेऊन ये तिला. बसून बघू." पप्पांनी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आवाज न चढवता, आणि हात धुवायला गेले. ते बराच वेळ हात धूत होते.

मी बिल घेऊन बसले. पहिल्यांदा मला त्यात मीच दिसले. 'बिलासंबंधी ग्राहकाच्या प्रतिनिधीच्या मेलला उत्तर', शून्य पूर्णांक दोन. पुन्हा शून्य पूर्णांक दोन. पुन्हा. आणि मधे मधे, 'ग्राहकाच्या प्रतिनिधीचा आभाराचा मेल वाचला', शून्य पूर्णांक एक. तेवीस वेळा. माझे धन्यवाद सहा सहा मिनिटांचे झाले होते. मी पाठवलेला सगळ्यात लांब धन्यवाद चार शब्दांचा होता. सगळे मिळून माझे सहा तास आणि वर चोपन्न मिनिटं भरत होती. बिल कमी करायला बसवलेल्या मुलीने एवढी भर घातली होती.

मला रडू आलं, पण पूर्ण आलं नाही, कारण पुढच्या पानावर दुसरं काहीतरी दिसलं. 'ग्राहकाशी फोन, प्रकरणाची स्थिती सांगितली.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, आणि त्या दिवशी दोनदा. फोन त्या ऑफिसचे मोठे वकील आणि मॅडम दोघे मिळून स्पीकरवर घ्यायचे, म्हणून प्रत्येक फोन दोन माणसांच्या दराने. मोठ्या वकिलांचा दर ज्युनिअरच्या चौपट. बेरीज केली तेव्हा तेरा तासांच्या वर गेली. वाचायचे बत्तीस तास वाचले होते ते स्वस्तातले होते. हे तेरा तास महागातले होते.

अण्णा असेच धंदा करतात, हे पॅकहाऊसमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. संध्याकाळी पाच वाजता गाडीत बसतात आणि घरी पोचेपर्यंत एकेकाला फोन लावतात. छाटणीवाला, औषधवाला, क्रेटवाला, गाडीमालक. "काय विशेष?" "काय नाय." "बरं." एवढंच बोलणं असतं. पण त्या एवढ्यावर त्यांचा माल वेळेवर निघतो आणि बागायतदार दुसऱ्या निर्यातदाराकडे जात नाहीत. माणूस वाईट नाही, उलट मला वाटतं या कलेत त्यांच्यासारखा कोणी नसेल. सीझन संपला, बाकीची माणसं फोनला मिळेनाशी झाली आणि मेमध्ये सगळे फोन मुंबईला जायला लागले.

मी पप्पांना सांगितलं. ते ओट्यावर बसून दाढी करत होते.

"तुझं तेवढं सांग," पप्पा म्हणाले. "तुझी चूक झाली, माफी माग, मोकळी हो."

"आणि अण्णांचं?"

"ते नको काढू."

"पप्पा, ते माझ्या दुप्पट आहे."

"आसंल. त्यांचं बिल, त्यांचा फोन, त्यांचं तोंड." ते आरशात बघत म्हणाले. "सतरा वर्षात एकदा मी त्यांना तोंडावर बोललो होतो, क्रेटच्या हिशोबावरून. तो सीझन मी बाहेर गेटवर गाड्या मोजल्या. सीझनभर."

हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा सातवीत असेन. पप्पा त्या वर्षी उन्हाने काळे पडले होते एवढं आठवत होतं.

शनिवारी मी अभ्यासाच्या नावाखाली नाशिक रोडच्या एका लायब्ररीत जाऊन बसले आणि वहीत बघत राहिले. सोपं होतं. फोनच्या नोंदी 'इतर' या रकान्यात टाकल्या असत्या तर अण्णांनी विचारलंही नसतं. 'इतर' या शब्दाला कोणी काही विचारत नाही. पण पुढच्या महिन्यात बिल परत वाढलं असतं आणि तेव्हा पप्पांनीच आणलेली पोरगी काही कामाची नाही असं ठरलं असतं. सांगितलं तरी पप्पा गेटवर, नाही सांगितलं तरी कदाचित गेटवर. मी धीट होऊन निर्णय घेतला असं म्हणता येणार नाही. मला दोन्हीकडे भीतीच दिसत होती, त्यातल्या त्यात एकीकडे खोटं बोलावं लागत नव्हतं.

रविवारी पॅकहाऊसमध्ये आम्ही तिघंच होतो. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीत. मला एक खुर्ची दिली. पप्पांनाही दिली होती, पण ते तिच्या पाठीवर हात ठेवून उभेच राहिले.

"हं, वकीलबाई. कुठं गेले पैसे?"

"आधी माझे सांगते," मी म्हणाले आणि माझ्या नोंदी वाचून दाखवल्या. तेवीस धन्यवाद मी एकेक करून वाचले. सातव्या-आठव्याला अण्णा हसायला लागले.

"थांब थांब. तू थँक्यू म्हणली आणि त्यांनी ते वाचायचे पैसे लावले?"

"हो."

"मग वेलकम नाय म्हणले?"

"म्हणले. त्याचे नाही लावले."

"चांगली माणसं हायेत मग," अण्णा म्हणाले आणि पप्पांकडे बघून परत हसले. पप्पाही थोडे हसले. तिथेच थांबावं असं मला फार वाटलं.

"आता तुमचं, अण्णा," मी म्हणाले.

पप्पांनी घसा खाकरला. मी वहीत बघत वाचायला सुरुवात केली, कारण वर बघितलं असतं तर वाचता आलं नसतं. दोन तारीख. ग्राहकाने प्रकरणाची स्थिती विचारली, नवीन काही नसल्याचे सांगितले. तीन तारीख. ग्राहकाने प्रकरणाची स्थिती विचारली, नवीन काही नसल्याचे सांगितले. चार तारीख, दोन वेळा. अण्णा हसायचे थांबले होते. मी दहा तारखेपर्यंत आले.

"हा ग्राहक म्हणजे मी का?"

"हो."

"त्या मोठ्या वकिलाला मी एकदा विचारलं, मुलीचं लग्न जमलं का म्हणून. ते पण हाय?"

मी पान उलटलं. "सर्वसाधारण चर्चा. शून्य पूर्णांक तीन. दोघांची."

"दोघांची कशी? लग्न त्याच्या पोरीचं."

"मॅडम पण लाईनवर होत्या."

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल चालू होत नव्हती, तिचा आवाज येत होता. मग ते माझ्याकडे न बघता पप्पांना म्हणाले, "पंचवीस वर्षं धंदा करतोय मी फोनवर. आता तुझी पोरगी शिकवणार, अण्णांनी कुणाशी बोलायचं न् कधी बोलायचं?"

मी वही मिटली. पप्पा काय म्हणतील ते मला माहीत होतं. लहान आहे, चुकली, असं म्हणतील, आणि मी माफी मागेन.

"शिकवत नाय ती, अण्णा," पप्पा म्हणाले. "लिहिलंय ते वाचती. वाचायलाच बोलावलं व्हतं तिला." त्यांचा आवाज मोठा नव्हता. मग ते त्या खुर्चीत बसले. अण्णांच्या समोर बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

अण्णांनी माझ्या हातातून वही घेतली, चष्मा लावून पूर्ण पान स्वतः वाचलं, वही परत दिली आणि गाडीत बसून निघून गेले.

पुढचे चार दिवस ते पप्पांशी कामापुरतं बोलले. पप्पा घरी यायचे, जेवायचे, झोपायचे. आईने मात्र दोघांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, की शिकवून काय मिळालं ते बघा.

पाचव्या दिवशी पप्पांनी निरोप आणला. "काय लिहायचं ते लिहून टाक म्हणले वकिलाला. आन् मी गेटवर नाय." दुसरं वाक्य त्यांनी पाणी पिता पिता सांगितलं.

मी एकच पत्र लिहिलं. बिलासंबंधीच्या प्रश्नोत्तरांचे पैसे लावू नयेत. आठवड्याला एकच फोन, गुरुवारी, वीस मिनिटं, एकाच वकिलाने घ्यावा. मेसेज दोघांनी वाचू नयेत, शंका असेल तेवढेच मॅडमनी बघावेत. शेवटी धन्यवाद लिहिलं नाही. पाठवल्यावरही काहीतरी उघडं राहून गेल्यासारखं वाटत होतं. वकिलांनी सगळं मान्य केलं आणि माझे जवळपास सात तास काढूनही टाकले, आभारांसकट. अण्णांच्या फोनचे पैसे मात्र त्यांनी तसेच ठेवले. अण्णा चिडले, पण मला ते बरोबर वाटलं आणि मी तसं सांगितलंही. त्या लोकांनी फोन उचलला होता, ऐकलं होतं, उत्तर दिलं होतं. फोन आपण केला होता.

"तू नेमकी कुणाच्या बाजूनं हाय?" अण्णांनी विचारलं.

"मला नक्की माहीत नाही, अण्णा," मी म्हणाले. ते खरं होतं.

जुलैचं बिल खूप खाली आलं. कंटेनरचं भांडण अजून चालूच आहे. आता समोरच्या कंपनीने त्यांचे कूलिंगचे रेकॉर्ड द्यायचे आहेत आणि ते देत नाहीत, म्हणजे आता 'तुम्ही लपवता' असं म्हणायची पाळी आमची आहे.

अडचण एकच झाली. अण्णांचे संध्याकाळचे फोन थांबले नाहीत, ते माझ्याकडे आले. कॉलेज सुरू झालंय. मी पाचला बसमध्ये असते नाहीतर घरी पुस्तक उघडून बसलेली असते, आणि फोन वाजतो. परवा त्यांनी विचारलं, समोरच्यांनी रेकॉर्ड दिलंच नाही तर न्यायाधीश काय करेल. मी म्हणाले, मला माहीत नाही, गुरुवारी वकिलांना विचारून सांगते.

"आज सोमवार हाय," अण्णा म्हणाले. "गुरुवारपर्यंत मी काय करू?"

अण्णांनी मग वरच्या मळ्यात पानांवर डाउनी, म्हणजे बुरशी, दिसायला लागलीय, औषध कुठलं मारलं, पाऊस उघडत नाही, असं सगळं सांगायला सुरुवात केली. मी फोन कानाला लावून पुस्तकाची पानं उलटत होते. पप्पा समोर बातम्या बघत होते. त्यांनी खुणेने विचारलं, कोण? मी खुणेनेच सांगितलं. त्यांनी रिमोट शोधला आणि टीव्हीचा आवाज कमी केला.